वाघमारेबाईंचा तीनचा खेळ

आमच्या शाळेत कुणी कोणता पिक्चर बघावा, हे वाघमारेबाई ठरवत. तसा अधिकार त्यांना कुणी दिलेला नव्हता. त्या चौथीच्या वर्गाला शिकवायच्या. लहानपणी पाय मोडून तसाच जुळल्यामुळे चालताना जरा डावीकडे कलायच्या. आवाज मात्र असा होता की मैदानाच्या पार टोकाला उभी असलेली मुलगीसुद्धा त्यांच्या नुसत्या "ए" म्हणण्यानं जागीच थांबायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही चार-पाच जणी शिक्षिका त्यांच्याभोवती गोळा व्हायचो आणि विचारायचो, "बाई, आज काय?"

मग बाई एकेकीच्या चेहऱ्याकडे बघायच्या. डॉक्टर जीभ बघतात तसं.

त्यांचा पहिला नियम असा की रडका पिक्चर बघायचा नाही. त्या काळी सोलापुरात बायकांची गर्दी व्हायची ती रडक्या पिक्चरना. विधवा आई, हरवलेला भाऊ, घराबाहेर काढलेली सून. मध्यंतरात बघावं तर बायकांचे डोळे लाल झालेले असायचे. बाईंना हे अजिबात पटायचं नाही. "रडायचं घरी. आठवडाभर राबून शनिवारी तीन तास मिळतात, त्यात पण दुसऱ्याच्या सासूसाठी कशाला रडायचं?" असं त्या म्हणायच्या.

त्यांना आवडायचे ते या जगात न घडणारे पिक्चर. राक्षसांचे, उडत्या घोड्यांचे, पाताळात उतरणाऱ्या राजपुत्रांचे. रॉकेटमधून आकाशात जाणाऱ्या माणसांचे. औषध पिऊन गायब होणाऱ्या माणसांचे. यातला कोणता कुणी बघायचा याचाही त्यांचा हिशेब होता. जिच्या घरात माणसं फार, तिनं आकाशातला बघावा, तिथं गर्दी नसते. जिला सासू बोलते तिनं राक्षसाचा बघावा, कारण तो शेवटी मरतो. आणि जिच्या नवऱ्याचं घरात लक्ष नाही तिनं गायब होणाऱ्या माणसाचा बघू नये, ते तिला घरी दिसतंच. हे सगळं त्या न हसता सांगायच्या. हसायचो आम्ही.

राक्षसांचे आणि जादूचे पिक्चर बहुतेक तेलुगू असायचे. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीमुळे आमच्याकडे ते लागायचे आणि चालायचेही चांगले. आम्हाला तेलुगू येत नव्हतं, म्हणून बाई नरसम्माला बरोबर घ्यायच्या. नरसम्मा आमच्या शाळेची शिपाईण. ती मध्ये बसायची आणि पडद्यावरचं बोलणं हळू आवाजात मराठीत सांगायची. गाणं लागलं की मात्र थांबायची. एकदा मी विचारलं, गाण्यात काय म्हणतात? तर म्हणाली, काही नाही, नुसतं गातात. बाईंना हे उत्तर इतकं आवडलं की शाळेत कुणी लांबलचक भाषण केलं की त्या माझ्याकडे वाकून म्हणायच्या, "नुसतं गातात."

आमच्या चित्रकलेच्या सरांना बाईंचं हे वेड पसंत नव्हतं. शिक्षकांनी असले खोटे पिक्चर बघावेत, त्यानं मुलींवर काय संस्कार होणार, असं एकदा ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाले. बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, खरं ते मी रोज सकाळी सातपासून शिकवते की. दुपारी तरी सोडा."

मी त्यांच्या जवळची झाले ते एका वाईट महिन्यानंतर. माझं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. सुट्टी संपवून मी शाळेत आले तेव्हा प्रत्येक जण माझ्याशी आवाज खाली करून बोलत होतं. वाघमारेबाईंनी काहीच विचारलं नाही. शनिवारी त्या माझ्या वर्गाच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "तू आज आकाशातला." इंग्रजी पिक्चर होता. काचेच्या डब्यासारख्या यानात बसून तीन माणसं फार लांब कुठंतरी निघालेली होती. त्यांची बोलणी मला कळली नाहीत, बाईंना तर त्याहून कमी. पण एका जागी त्यांनी खिडकीतून मागं वळून बघितलं आणि पृथ्वी दिसली, निळी, लिंबाएवढी. बाई माझ्या कानाशी आल्या. म्हणाल्या, "बघ. सासर, माहेर, शाळा, दवाखाना, समदं तेवढ्यात हाय." एरवी त्या आमच्याशी शाळेतलं मराठी बोलायच्या, पण मनापासून काही सांगायचं झालं की असं गावाकडचं तोंडून यायचं. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

बाई माळशिरसकडच्या. त्यांचे वडील, ज्यांना त्या आबा म्हणत, दुसऱ्यांच्या शेतात राबणारे. गावच्या शाळेत ज्यांच्या पोरांना दाराबाहेर बसवत, त्या वस्तीतले. त्या वस्तीतून ट्रेनिंग कॉलेजला गेलेली पहिली मुलगी म्हणजे आमच्या बाई, आणि ते केवळ आबांच्या हट्टामुळे. पाय असा, लग्न जमायचं नाही, तर शिकू दे, असं गाव म्हणायचं. आबा म्हणायचे, पायाचा काय संबंध, डोकं हाय म्हणून शिकवतोय. हे वाक्य बाई आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायच्या. पुढे लग्नही झालं. नवरा गिरणीत कामाला होता, साधा, पाळीला जाणारा आणि पाळीहून येणारा. घर भवानी पेठेत. घरात सत्ता सासूबाईंची.

सासूबाईंना सुनेचं पिक्चरला जाणं खपत नव्हतं, पण पगार आणणाऱ्या सुनेला नाही म्हणणंही जमत नव्हतं. म्हणून त्यांनी वेगळाच उपाय काढला होता. त्या काळी टॉकीजमध्ये कुणाला तातडीनं बाहेर बोलवायचं असलं तर काचेच्या पट्टीवर नाव लिहून ती पडद्यावर दाखवत. चालू पिक्चरच्या खालच्या कडेला वेडीवाकडी अक्षरं उमटायची: अमुक अमुक, बाहेर या. सासूबाई गल्लीतल्या कुणालातरी टॉकीजवर पाठवायच्या आणि पडद्यावर यायचं, "वाघमारेबाई, घरून बोलावणं आहे." बाई धडपडत उठायच्या. सगळ्यांच्या पायांवरून वाट काढत, कलत कलत बाहेर जायच्या. घरी जाऊन बघावं तर पाहुणे आलेले असायचे, नाहीतर पिठाचा डबा वरच्या फळीवर असायचा आणि सासूबाईंचा हात पोचत नसायचा.

असं बऱ्याचदा झालं. एका सोमवारी बाई शाळेत आल्या त्या फार चिडलेल्या होत्या. आदल्या शनिवारी राजपुत्र राक्षसाच्या गुहेच्या तोंडाशी पोचला असताना त्यांना उठावं लागलं होतं, आणि घरी काय, तर मांजरानं दूध सांडलेलं. त्या आम्हाला म्हणाल्या, "आता ठरलं. पुढच्या वेळी माझं नाव पडद्यावर आलं तरी मी उठणार नाही. शेवट बघूनच घरी जाणार." आम्ही सगळ्यांनी त्यांना शाबासकी दिली. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. बाईंचा चेहरा उजळला. मुलीला पहिला नंबर मिळाल्यावर दिसतो तसा.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहरात आम्हाला पाण्याची आणि धान्याची ओढाताण होती, पण गावाकडची माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. बाईंचे आबा आणि भाऊ दगडू दोघंही कामावर होते. बाईंनी आबांना इकडे येऊन राहा म्हणून निरोप धाडले होते. लेकीच्या घरी राहणं आबांना पटत नव्हतं. त्या उन्हाळ्यात बाई शनिवारी पिक्चरला येत, पण येताना म्हणत, "मी हितं थंडाव्याला बसते आणि माझा बाप तिकडं उन्हात." एकदा नरसम्मानं विचारलं, मग जायचं नको का? बाई म्हणाल्या, न जाऊन त्यांचं ऊन कमी होणार आहे का. आणि आम्ही गेलो.

त्या शनिवारी तेलुगू पिक्चर होता. एका राजकन्येला मांत्रिकानं दगड करून ठेवलेलं होतं. मध्यंतर होऊन गेलं होतं. राजपुत्र मांत्रिकाच्या बेटावर उतरला होता आणि नरसम्माचं सांगणं रंगात आलं होतं. तेवढ्यात समुद्राच्या लाटांवर अक्षरं आली: "वाघमारेबाई, घरून बोलावणं आहे."

आम्ही सगळ्या बाईंकडे बघायला लागलो. आमच्यातली एक तर हसली. बाईंनी चप्पल पायात सरकवली. मी अगदी शेजारी होते, मला ते कळलं. मग त्यांनी ती परत काढली, पाय वर घेतला आणि मांडी घालून बसल्या. नरसम्मा थांबली होती. बाई तिला म्हणाल्या, "पुढं सांग."

अक्षरं बराच वेळ राहिली, मग गेली. नंतर पुन्हा एकदा आली. त्यानंतर पिक्चर अर्धा-पाऊण तास चालला असेल. मांत्रिक मेला. राजकन्या दगडाची माणूस झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि बाईंनीही वाजवल्या.

बाहेर ऊन होतं. दारातून बाहेर पडताना बाई मोठ्यानं म्हणाल्या, "चला, आज दूध सांडू दे नाहीतर घर सांडू दे, शेवट बघितला." आम्ही हसत होतो. मग बाई एकदम थांबल्या, आणि मी त्यांच्या पाठीवर आदळले.

सायकलच्या स्टँडजवळ एक माणूस उभा होता. अंगावर धूळ, पायात काही नाही, डोक्याचा पटका काढून हातात धरलेला. मी त्याला आधी कधी बघितलं नव्हतं, पण चेहरा बाईंचाच होता.

"अक्का," तो म्हणाला, "आबाला हितं आणलंय. सिव्हिलला."

कामावर असताना आबा छातीत कळ येऊन पडले होते. खडीच्या ट्रकमधून त्यांना आणलं होतं. वाटेत शुद्धीवर आले तेव्हापासून त्यांचं एकच चाललं होतं, पोरगीला बोलवा. दगडू त्यांना दवाखान्यात ठेवून भवानी पेठेत गेला, तिथून टॉकीजवर. दारावरच्या माणसाला त्यानं सांगितलं होतं की घरचा माणूस आलाय, बहिणीला बोलवायचंय. त्या माणसानं नेहमीचं होतं तेच लिहिलं. तिकिटाशिवाय आत जाऊ देईना, म्हणून दगडू बाहेर उभा राहिला होता. हे सगळं त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मग त्यानं विचारलं, "तुला पाटी दिसली न्हाय व्हय?"

नरसम्मा काहीतरी बोलायला पुढं झाली. ती म्हणणार होती की अंधार होता, आम्ही बोलत होतो, लक्ष नव्हतं. तिनं तसं म्हटलं असतं तर आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं असतं. पण बाईंनी तिला बोलू दिलं नाही.

"दिसली," त्या म्हणाल्या.

दगडू त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मघा बोलत व्हता गं त्यो," आणि वळून चालायला लागला. बाई त्याच्यामागून गेल्या. त्यांना इतक्या भराभर चालताना मी कधी बघितलं नव्हतं. त्या पायानं ते चालणं फार वाईट दिसत होतं आणि रस्त्यावरचे लोक बघत होते.

सिव्हिलमध्ये बाई पोचल्या तेव्हा आबांचं बोलणं गेलेलं होतं. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. बाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन हाका मारल्या, मी आलेय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

पुढं जे झालं ते मी बरंचसं स्वतः बघितलं आहे. बाई गावाहून परत आल्या आणि शाळेत येऊ लागल्या. आम्ही त्यांना सांगितलं की तुम्हाला कसं कळणार, त्या बोलावण्याला काही अर्थच उरला नव्हता, आणि दवाखान्यात लवकर गेला असतात म्हणून आबा वाचले असते असं थोडंच आहे. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला एकदा वाटलं होतं. चप्पल घातली होती मी. आज काहीतरी वेगळं असेल असं आत वाटलं होतं, आणि मी ते दाबलं. शेवट बघायचा होता म्हणून दाबलं." आम्ही त्यांना दिलेली ती शाबासकी मला तेव्हा आठवली. बाकीच्यांनाही आठवली असणार.

त्यांनी ही गोष्ट लपवली असती तर ती तिथंच राहिली असती. पण आबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी गावात जमलेल्या नातेवाइकांना त्यांनी स्वतःच उभं राहून सांगितलं की दगडूनं वेळेवर बोलावणं धाडलं होतं, मीच गेले नाही. कारण गावात दगडूलाच बोल लागत होता, बहिणीला वेळेवर कळवलं नाही म्हणून. त्या सांगण्यानं दगडू सुटला आणि बाई अडकल्या. गावाकडून गोष्ट भवानी पेठेत आली, तिथून शाळेत. काही दिवसांनी सात रस्ता चौकात भाजी घेताना मी एका अनोळखी बाईला तिच्या सुनेला सांगताना ऐकलं, की पिक्चरच्या नादानं एक मास्तरीण बाप मरत असताना जागची उठली नाही. मी भाजी न घेताच घरी आले. बाईंची गोष्ट आता सोलापुरातल्या सासवा सुनांना सांगत होत्या.

वर्गातल्या मुलींच्याही ते कानावर गेलं. एकीनं फळ्यावर पिक्चर असा एकच शब्द लिहून ठेवला होता. बाईंनी तो पुसला आणि शुद्धलेखन घातलं. कुणी लिहिलं हे विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यांचा तो मैदानापार जाणारा आवाज खाली आला. मुली दंगा करायला लागल्या, तरी त्या पूर्वीसारखं "ए" म्हणायच्या नाहीत. दुसऱ्याला थांबवायचा आपला हक्क गेला असं त्यांना वाटत होतं, असं मला वाटतं.

त्यांच्या सासूबाई एकदा माझ्या घरी आल्या होत्या, काहीतरी निमित्त काढून. जाताना दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिला काय म्हणू नका कुणी. मीच उगं उगं बोलावत व्हते." एवढंच. सुनेला त्या हे कधी म्हणाल्या की नाही, मला ठाऊक नाही.

बाई टॉकीजची पायरी पुन्हा चढल्या नाहीत. आमचेही शनिवार हळूहळू बंद पडले. एखादी नवीन शिक्षिका कुणाकडून तरी ऐकून विचारायची, "बाई, तुम्हाला पिक्चरमधलं फार कळतं म्हणे, कुठला बघू?" तर बाई तिच्या चेहऱ्याकडे क्षणभर बघायच्या, जुन्या सवयीनं, आणि मग खाली बघून म्हणायच्या की मला आता काही माहीत नाही.

काही वर्षांनी दगडूनं आपली मुलगी शिकायला बाईंकडे ठेवली. दगडूच्या मनात राग नव्हता हे यावरून सगळ्यांनी समजून घेतलं, पण बाईंना ते जड गेलं. पोर नऊ-दहा वर्षांची होती, सुमन नावाची, फार बोलकी. तिला पिक्चर बघायचा होता. बाईंनी बरेच दिवस टाळलं आणि मग एका शनिवारी मला म्हणाल्या, "तू घेऊन जा तिला. आकाशातला एक लागलाय. मी चौकशी केलीय, भीतीचं काही नाही त्यात. शेवट चांगला आहे." किती दिवसांनी त्यांनी कुणाला काही सुचवलं होतं. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी सुमनला घेऊन गेले. परत आलो तेव्हा बाई भवानी पेठेच्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. सुमननं लांबूनच गोष्ट सांगायला सुरुवात केली. यान कसं सुटलं, माणसं त्यात कशी तरंगत होती, सगळं. बाई ऐकत होत्या आणि मधून मधून विचारत होत्या, मग? मग काय झालं? त्यांच्या चेहऱ्यावर जुनं काहीतरी यायला लागलं होतं. तेव्हा सुमननं विचारलं, "आत्या, तू का न्हाय येत गं?"

मी म्हटलं, चल, उशीर झाला, आजी वाट बघत असेल. पण बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि तिथंच कोपऱ्यावर उभं राहून त्या पोरीला सांगितलं. काही सोपं केलं नाही, काही गाळलं नाही. तुझा आजा मला बोलावत होता आणि तुझा बाप बाहेर उन्हात उभा होता आणि मला ते दिसलं होतं आणि मी पिक्चर बघत बसले. म्हणून मी येत नाही. शेजारून सायकली जात होत्या. गिरणीचा भोंगा झाला, तो संपेपर्यंत त्या थांबल्या आणि पुढचं सांगितलं.

सुमन हात सोडून पळून जाईल की काय असं मला वाटलं. बाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी स्वतःच तिचा हात सोडला होता.

"त्या पिक्चरच्या शेवटी काय झालं मग?" सुमननं विचारलं.

बाईंची मान खाली गेली. आठवत नाही असं म्हणता आलं असतं, आणि त्या तसं म्हणाव्यात अशी मी मनातल्या मनात विनवणी करत होते.

"राजकन्या दगडाची झाली व्हती," त्या म्हणाल्या. "ती माणूस झाली परत. राजपुत्रानं पाणी शिंपडलं, मग आधी तिची बोटं हालली. मग डोळे उघडले तिनं." त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की सुमनला पुढं वाकून ऐकावं लागलं. "समदं आठवतंय मला."

"उठली ना?" सुमन म्हणाली. "बरं झालं."

तिनं खाली ठेवलेली पिशवी उचलली आणि ती पुढं निघाली. बाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी धरून. मग त्या पोरीच्या मागून गल्लीत वळल्या. पुढच्या महिन्यात माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही सोलापूर सोडलं, त्यामुळे त्यांचं पुढचं मी काही बघितलं नाही.